3 तास 55 मिनिटांची रेकॉर्ड, आणि तिच्या मागचं दुकान

19 एप्रिल 2014. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात सकाळी रॉक गायक-गिटारवादक जॅक व्हाइट आपला बँड घेऊन एका लहानशा सभागृहात उभा राहिला आणि एक नवं गाणं त्याने लोकांसमोर वाजवलं. हे सभागृह त्याच्याच थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीच्या इमारतीत आहे आणि कंपनीचं रेकॉर्डचं दुकानही तिथेच आहे. गाणं वाजत असताना ते टेपवर किंवा संगणकात न जाता थेट तबकडीवर कोरलं जात होतं. कोरलेली तबकडी गाडीत घालून त्याच शहरातल्या युनायटेड रेकॉर्ड प्रेसिंग या कारखान्यात पळवली. साचे झाले, रेकॉर्डी छापून निघाल्या, कार्यक्रमातच काढलेला फोटो वेष्टनावर चढला आणि माल दुकानात परत आला. पहिल्या सुरापासून विक्रीपर्यंत लागलेला वेळ: 3 तास 55 मिनिटं 21 सेकंद.

निमित्त होतं 'रेकॉर्ड स्टोअर डे'चं. दरवर्षी एप्रिलमधल्या एका शनिवारी अमेरिका, ब्रिटन आणि आणखी बऱ्याच देशांतली स्वतंत्र रेकॉर्ड दुकानं हा दिवस साजरा करतात. स्वतंत्र म्हणजे कुठल्या मोठ्या साखळीची शाखा नसलेली, गल्लीत एखादाच मालक चालवतो तशी.

जॅक व्हाइटने जे चार तासांत केलं त्याला साध्या बँडला काही महिने लागतात. 2021 च्या सुमारास तर कारखाने वर्षभरानंतरची तारीख देत होते. हा फरक कुठून येतो ते कळलं, की रेकॉर्डचं दुकान अजून का टिकलंय आणि नावाजलेले बँड तिथल्या कपाटांमध्ये उभे राहून का वाजवतात, तेही कळतं. त्यासाठी आधी तबकडीकडे जरा बारकाईने पाहू.

खाच

एलपीच्या, म्हणजे मोठ्या बारा इंची रेकॉर्डच्या, एका बाजूला खूप रेघा दिसतात, पण ती असते एकच खाच. बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन गोल गोल फिरत आत येते. मिनिटाला 33⅓ फेरे या वेगाने 20 मिनिटांच्या बाजूचे साधारण 667 फेरे होतात. ती खाच उलगडून सरळ मांडली तर 400 मीटरच्या पुढे जाईल. या खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात आणि त्या सरळ नसतात, आवाजाबरहुकूम हेलकावे घेत जातात. सुई त्या हेलकाव्यांवरून जाताना थरथरते, त्या थरथरीची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज.

स्टिरिओची युक्ती मला अजूनही थक्क करते. सुई एकच, खाच एकच, आणि वाहिन्या दोन. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने 1931 मध्येच याचं पेटंट मागितलं होतं: डाव्या बाजूचा आवाज खाचेच्या आतल्या भिंतीवर, उजव्याचा बाहेरच्या भिंतीवर. दोन्ही भिंती 45 अंशांत कललेल्या असल्याने सुईची हालचाल दोन स्वतंत्र दिशांत वेगळी काढता येते. बाजारात स्टिरिओ रेकॉर्डी यायला मात्र 1957-58 उजाडलं.

आता अडचणी. खर्जातल्या सुरांना खाचेत मोठे हेलकावे लागतात. ते जसेच्या तसे कोरले तर शेजारच्या फेऱ्यात घुसतील, आणि त्यांना जागा सोडायची तर बाजू 20 मिनिटं पुरणार नाही. म्हणून कोरतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे बारीक आवाज वाढवतात. वाजवताना हे उलटं करून घ्यायचं. किती दाबायचं आणि किती वाढवायचं, याचं एक ठरलेलं मोजमाप 1954 मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांनी मान्य केलं आणि पुढे तेच जगभर रुळलं. नवं टर्नटेबल घेऊन कुणी ते थेट साध्या ॲम्प्लिफायरला जोडतो, आवाज पातळ आणि किनरा येतो, मग तो रेकॉर्डला नावं ठेवतो. बिचारीचा काही दोष नसतो. मध्ये फोनो प्रीॲम्प नावाचा छोटा डबा लागतो, तो हे उलटं करण्याचं काम करतो. काही टर्नटेबलांत तो आतच बसवलेला असतो.

दुसरी अडचण वेगाची. तबकडी एका चालीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलापाशी जेमतेम 21. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा म्हणजे झांजांसारखे बारीक आवाज आत जाताना मळकट होतात. जाणते निर्माते बाजूचं शेवटचं गाणं संथ ठेवतात ते यासाठी. म्हणजे एलपीवरचा गाण्यांचा क्रम काही अंशी भूमितीने ठरवलेला असतो, आणि स्ट्रीमिंगवर तोच अल्बम ऐकताना हे कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

थेट तबकडीवर कोरायचं म्हणजे चूक दुरुस्त करायची सोय नाही. वादक चुकला, तंबोरा उतरला, कुणी खोकलं, सगळं खाचेत कायम. टेप रूढ होईपर्यंत, म्हणजे 1940 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, जगातली जवळजवळ प्रत्येक रेकॉर्ड अशीच निघाली. आपल्याकडच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्याही त्यातच आल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळत. बैठकीत तास-तास चालणारा राग त्या तीन मिनिटांत मांडणाऱ्या गायकांनी किती कठोर निवड केली असेल, हे हे यंत्र समजल्यावरच नीट कळतं. ओघात आलं म्हणून सांगतो: त्या तबकड्या लाखेच्या असत आणि जगातली बरीचशी लाख भारतातल्या, विशेषतः छोटा नागपूर भागातल्या जंगलांतून जाई. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा अडला तेव्हा 1942 मध्ये अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर मर्यादा घातली, आणि नवी रेकॉर्ड हवी तर जुनी मोडीत द्या, असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागले.

साचा

कोरण्यासाठी जी तबकडी वापरतात ती ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर लॅकरचा मऊ, गुळगुळीत थर असतो. ती विकायची नसते. दहा-बारा वेळा वाजवली तरी झिजेल इतकी ती नाजूक. तिच्यावर चांदीचा अगदी पातळ फवारा मारतात, म्हणजे पृष्ठभागातून वीज वाहू शकते. मग ती निकेलच्या द्रावणात बुडवतात आणि विजेच्या मदतीने तिच्यावर निकेलचा जाड पत्रा चढतो. हा पत्रा सोलून काढला की त्यावर खाचांच्या जागी उंचवटे असतात. मोदकाच्या साच्यात आतून कळ्यांची उलटी नक्षी असते ना, तसंच. या उलट्या पत्र्याला कारखान्यात 'फादर' म्हणतात. त्याच्यावर पुन्हा निकेल चढवून 'मदर' काढतात. तिच्यात पुन्हा खाचा असतात, त्यामुळे ती वाजवून तपासता येते. मदरपासून हवे तितके 'स्टॅम्पर' निघतात, म्हणजे छापण्याचे खरे साचे. एक स्टॅम्पर हजारभर रेकॉर्डी छापून थकतो. मग मदरपासून दुसरा काढायचा.

फादर थेट यंत्रात लावूनही छपाई होते आणि मधल्या दोन पायऱ्या वाचतात, पण तो झिजला की लॅकरपासून सगळं परत. थोड्याच प्रती हव्या असतील तेव्हा हे चालून जातं.

छपाई स्वतः चटकन होते. पीव्हीसीचे दाणे वितळवून एक जाड गोळा करतात, त्याच्या वर-खाली कागदी लेबलं ठेवतात आणि दोन स्टॅम्परच्या मध्ये शंभर टनांच्या आसपासच्या दाबाने तो चेपतात. साचा वाफेने तापवलेला असतो, लगेच त्यात गार पाणी सोडतात. अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड बाहेर. लेबल गोंदाने चिकटवलेलं नसतं, ते प्लास्टिकमध्येच दाबलं गेलेलं असतं. त्यासाठी लेबलं आधी भट्टीत कोरडी करतात, नाहीतर ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात.

म्हणजे जॅक व्हाइटच्या त्या दिवसात जादू काही नव्हती. पायऱ्या त्याच होत्या. फरक इतकाच की प्रत्येक पायरीवर माणसं त्याचीच वाट पाहत उभी होती. बाकीच्यांना प्रत्येक पायरीवर रांगेत उभं राहावं लागतं: कोरणाऱ्याची रांग, निकेल चढवणाऱ्याची, मग चाचणीच्या काही प्रती बँडकडे जातात आणि ते ऐकून हो म्हणेपर्यंत थांबायचं, मग प्रेसची रांग, वेष्टनाच्या छापखान्याची रांग.

ही रांग इतकी वाढली कशी? 1980 आणि 90 च्या दशकांत सीडी आली तशी प्रेसची यंत्रं भंगारात गेली. मागणी परत आली तेव्हा यंत्रं मोजकी उरली होती. अमेरिकेत 2020 मध्ये व्हिनाइलच्या, म्हणजे या प्लास्टिकच्या रेकॉर्डींच्या, विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, 1986 नंतर पहिल्यांदा. 2022 मध्ये नगांतही व्हिनाइल पुढे गेलं: सुमारे 4 कोटी 10 लाख रेकॉर्डी, 3 कोटी 30 लाख सीडी. आणि नेमकं याच चढाच्या तोंडावर, 6 फेब्रुवारी 2020 ला, कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. कोरायला लागणाऱ्या त्या लॅकर तबकड्या जगात दोनच ठिकाणी मोठ्या प्रमाणावर बनत, त्यातलं हे एक. दुसरं जपानमध्ये. पाठोपाठ महामारी आली. मार्च 2022 मध्ये जॅक व्हाइटने सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांना जाहीर आवाहन केलं की तुम्ही स्वतःचे कारखाने परत उभे करा. त्याने स्वतः 2017 मध्ये डेट्रॉइटला एक काढला होता, त्यामुळे त्याला ते बोलायचा अधिकार होता.

दुकानदाराचा हिशोब

आता गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे येऊ. नव्या रेकॉर्डवर त्याला फार सुटत नाही. शिवाय बऱ्याचदा माल परत न करण्याच्या बोलीवर घ्यावा लागतो. न विकलेलं पुस्तक पुष्कळदा प्रकाशकाकडे परत जातं, न विकलेली रेकॉर्ड फडताळावर बसते आणि दुकानदाराचे पैसे अडकवून ठेवते. त्याचं पोट मुख्यतः जुन्या, वापरलेल्या रेकॉर्डींवर चालतं. कुणाच्या घरून एकगठ्ठा संग्रह उचलायचा, त्यातली दुर्मीळ निवडून काढायची, बाकीच्या स्वस्तात खोक्यात लावायच्या. हे जमायला किंमत, छपाईची आवृत्ती आणि ओरखड्यांची पारख लागते. चांगल्या दुकानदाराची खरी पुंजी ही पारख असते, आणि ती ॲपमध्ये उतरत नाही. निदान अजून तरी.

2006 मध्ये टॉवर रेकॉर्ड्स ही अमेरिकेतली अवाढव्य साखळी दिवाळखोरीत बंद झाली. सगळीकडे एकच सूर लागला: रेकॉर्ड दुकानं संपली. छोट्या दुकानदारांना ते झोंबलं, कारण त्यांची दुकानं उघडी होती. 2007 मध्ये त्यांच्या एका बैठकीत हा दिवस साजरा करण्याची कल्पना पुढे आली. बुल मूज नावाच्या दुकानांत काम करणाऱ्या क्रिस ब्राउनने ती सुचवली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर होता कॉमिक्सच्या दुकानांचा 'फ्री कॉमिक बुक डे'. 19 एप्रिल 2008 ला पहिला रेकॉर्ड स्टोअर डे झाला. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या रास्पुटिन म्युझिक या दुकानात मेटॅलिका हा रॉक बँड हजर होता.

या दिवसाची सगळी मेख त्याच्या नियमांत आहे. त्या दिवसासाठी खास रेकॉर्डी निघतात, मोजक्या प्रतींच्या. त्या फक्त सहभागी स्वतंत्र दुकानांत मिळतात. आगाऊ नोंदणी नाही, बाजूला काढून ठेवणं नाही, एका माणसाला एका रेकॉर्डची एकच प्रत. म्हणजे हवी असेल तर शनिवारी सकाळी स्वतः जाऊन रांगेत उभं राहायचं. ज्या काळात सगळं संगीत घरबसल्या मिळतं त्या काळात ही मंडळी मुद्दाम अशी वस्तू बनवतात जी घरबसल्या मिळत नाही. माझ्या मते यात स्मरणरंजन फार थोडं आहे आणि धंद्याची अक्कल पुष्कळ. तुटवडा कृत्रिम आहे, हे कुणी लपवतही नाही. पण तो तुटवडा एका जागेला बांधलेला असतो, आणि दुकानाला नेमकं तेच हवं असतं.

रांग लागली की करमणूक हवी. म्हणून बँड येतात.

कपाटांमधली मैफल

दुकानात बँडने वाजवणं या दिवसापेक्षा खूप जुनं आहे, आणि ते वर्षभर चालतं. याला 'इन-स्टोअर' म्हणतात. मधली खोकी भिंतीला सरकवतात, कोपऱ्यात दोन स्पीकर, अर्ध्या तासाचं वादन, बऱ्याचदा ड्रम नसतातच. मग बँड टेबलाशी बसून रेकॉर्डींवर सह्या करतो. लंडनमध्ये 1976 साली पोर्टोबेलो रस्त्याच्या परिसरात सुरू झालेल्या रफ ट्रेड या दुकानाने 2007 मध्ये ब्रिक लेनजवळ मोठी शाखा काढली, ती काढतानाच आत मंच ठेवला. लहान मुलंही येतात, कारण हे मद्यालय नाही. पबमधल्या गिगला अठरा वर्षांखालच्यांना बहुधा प्रवेश नसतो, तेव्हा पंधरा वर्षांच्या पोराने पाहिलेला पहिला बँड अनेकदा अशा दुकानातलाच असतो.

पण मोठ्या मंचावर वाजवू शकणारा बँड, बहुधा मानधन न घेता, इथे का येतो? इथे चार्टचं, म्हणजे विक्रीनुसार दर आठवड्याला लागणाऱ्या क्रमवारीचं, गणित येतं, आणि ते एकदा समजून घेण्यासारखं आहे.

ब्रिटनचा अल्बम चार्ट शुक्रवार ते गुरुवार मोजला जातो. नवे अल्बम 2015 पासून शुक्रवारीच निघतात. स्ट्रीमिंगही त्यात धरतात, पण ढोबळमानाने पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी सुमारे 1000 वेळा ऐकलं तेव्हा एक अल्बम विकल्यासारखा. आता समजा, दुकानाने एका संध्याकाळी 400 माणसं जमवली आणि प्रत्येकाने एक रेकॉर्ड घेतली. ते 4 लाख वेळा ऐकण्याच्या तोडीचं झालं, एका संध्याकाळी, एका गावात. मध्यम नावाच्या बँडने प्रकाशनाच्या आठवड्यात अशी पाच-सहा गावं केली तर तो पहिल्या दहांत येऊ शकतो. चार्टमध्ये नाव आलं की रेडिओ आणि महोत्सवांचे आयोजक विचारतात. दौऱ्याची तिकिटं त्यावर विकली जातात.

400 माणसं दुकानात मावत नाहीत, ही अडचण लंडनच्या कडेला किंग्स्टनमधल्या बँक्वेट रेकॉर्ड्सने छान सोडवली. ते जवळचा नाइटक्लब किंवा चर्च घेतात आणि तिकिटाबरोबरच नवा अल्बम विकतात. सीडीसह तिकीट हवं तर एक भाव, व्हिनाइलसह हवं तर जास्त. अशा कार्यक्रमाला 'आउट-स्टोअर' म्हणतात. बँड संध्याकाळी लवकर वाजवतो, आणि क्लबचा नेहमीचा गल्ला रात्री वेगळा. रेकॉर्ड, तिकीट आणि सभागृह तिन्ही एकाच पावतीवर. एका उपनगरातलं दुकान एवढे नामांकित बँड कसे आणतं, याचं उत्तर त्या पावतीत आहे.

अमेरिकेत तिथला चार्ट काढणाऱ्या बिलबोर्डने 2020 मध्ये याबाबतीत हात आखडता घेतला. तिथे बडे कलाकार आपल्या दौऱ्याच्या प्रत्येक तिकिटात अल्बम घुसवत होते, श्रोत्याला हवा असो वा नसो, आणि चार्टवर पहिले येत होते. आता तिकिटाबरोबर आपोआप आलेला अल्बम मोजत नाहीत, श्रोत्याने वेगळे पैसे टाकून तो निवडलेला असावा लागतो. नियम योग्यच वाटतो मला. दुकानातल्या रांगेत उभं राहून घेतलेली रेकॉर्ड आणि तिकिटासोबत गळ्यात पडलेली रेकॉर्ड या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत.

कॉन्सर्टला जाणाऱ्यांनी आणखी एक हिशोब माहीत करून घ्यावा. मोठ्या सभागृहांत बँडचं टी-शर्ट-रेकॉर्डींचं टेबल असतं, त्या विक्रीतून सभागृह आपला वाटा कापतं. पाचवा किंवा चौथा हिस्सा गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. तिकिटाचे पैसे आधीच प्रवास, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापकात वाटले गेलेले असतात, त्यामुळे छोट्या बँडचं त्या रात्रीचं पेट्रोल बहुतेक वेळा या टेबलावर अवलंबून असतं. ब्रिटनमधल्या कलाकारांच्या एका संघटनेने 2022 पासून असा वाटा न घेणाऱ्या सभागृहांची यादीच ठेवायला सुरुवात केली. नावाजलेल्या सभागृहाने बँडकडून टी-शर्टामागे पैसे घ्यावेत आणि गल्लीतल्या दुकानदाराने त्याच बँडला फुकट मंच द्यावा, हा विरोधाभास मला दर वेळी खटकतो.

तक्रारी

रेकॉर्ड स्टोअर डेवर टीका करणाऱ्यांत सर्वांत कडक आहेत तेच, ज्यांच्या नावाने तो साजरा होतो. पहिली तक्रार उघड आहे: सकाळी नऊला घेतलेली रेकॉर्ड साडेनऊला ईबे या ऑनलाइन बाजारात तिप्पट किमतीला. एका माणसाला एक प्रत हा नियम यासाठीच, पण चार मित्र आणले की नियम संपला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर, आणि ती समजायला वरचं कारखान्याचं सगळं पुराण उपयोगी पडतं. प्रेस मोजक्या. एप्रिलच्या आधीचे काही महिने त्या याच दिवसाच्या मालात गुंततात. त्यात बड्या कंपन्यांच्या जुन्या अल्बमांच्या रंगीत आवृत्त्या भरपूर, ज्यांची मूळ प्रत त्याच दुकानात खोक्यात स्वस्तात पडलेली असते. आणि वर्षभर त्या कारखान्यांना काम देणाऱ्या छोट्या लेबलांची, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या छोट्या कंपन्यांची, 500 प्रतींची ऑर्डर मागे ढकलली जाते. 2015 मध्ये सॉनिक कथीड्रल आणि हाउलिंग आउल या दोन ब्रिटिश लेबलांनी याचा खास निषेध केला. त्यांनी एक रेकॉर्ड काढली, 365 प्रतींची, वर्षभर रोज एक प्रत विकायची. दिवस एकच का साजरा करायचा, हा त्यांचा प्रश्न होता. खट्याळ होता आणि बिनतोडही.

दुकानदारांचं गणित आणखी वेगळं. या दिवसाचा माल परत जात नाही. काय विकलं जाईल याचा अंदाज काही महिने आधी बांधायचा, पैसे गुंतवायचे, आणि तरी मागितलेल्या तीस प्रतींपैकी तीनच मिळतात असंही होतं. काही दुकानं त्यामुळे यात भागच घेत नाहीत. बहुतेक घेतात, कारण वर्षातला सर्वांत मोठा गल्ला त्याच शनिवारी जमतो.

आपल्याकडे हा दिवस रुजला नाही आणि त्याचं कारण साधं आहे: साजरा करायला फारशी दुकानं उरली नाहीत. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 1948 पासून होतं. ऐकून पाहायला तिथे बूथ होते, आणि शहरातल्या कार्यक्रमांची तिकिटंही तिथेच मिळत. रेकॉर्ड आणि मैफल एकाच गल्ल्यावर, म्हणजे बँक्वेटने जे नव्याने जमवलं ते आपल्याकडे होतंच. फेब्रुवारी 2016 मध्ये ते बंद झालं. पुढे ती जागा नीरव मोदीने घेतली आणि ती ईडीच्या जप्तीत अडकली, हा भाग कुणी कथेत लिहिला असता तर अतिशयोक्ती म्हणून खोडला असता. माहीममध्ये द रिव्हॉल्व्हर क्लब आहे, तिथे रेकॉर्डी आणि टर्नटेबलं मिळतात, एकत्र बसून ऐकण्याच्या बैठका होतात. चोरबाजारात आणि फोर्टच्या पदपथावर जुन्या तबकड्यांचे ढीग अजून सापडतात. फक्त कलाकार, श्रोता आणि दुकानदार या तिघांना एका पावतीवर आणणारं कुणी नाही. सवाईच्या मांडवात किंवा एखाद्या छोट्या सभागृहात असे लोक आयते जमलेले असतात. गाडी अडते ती तिथल्या रेकॉर्डींच्या स्टॉलवर.

तुम्ही किंवा घरातलं कुणी एप्रिलमध्ये लंडन-मँचेस्टरला असाल तर शनिवारी पहाटे रांगेत उभं राहायची गरज नाही. त्या दिवशी दुपारी चारनंतर जा. गर्दी ओसरलेली असते, बँड अजून वाजवत असतो आणि दुकानदाराला बोलायला उसंत मिळालेली असते. खास मालातलं जे उरतं ते ब्रिटनमधली दुकानं सोमवारी रात्री आठपासून ऑनलाइन विकू शकतात, तेव्हा ईबेवर तिप्पट पैसे मोजण्याआधी दोन दिवस कळ काढा. आणि दुकानात गेलातच तर रंगीत आवृत्ती सोडून वापरलेल्या रेकॉर्डींच्या खोक्याकडे वळा. दुकानदाराला त्यातच जास्त सुटतं.